औषधाच्या दाराने

डोंबिवली स्टेशनवरून आमच्या घराकडे येताना वाटेत औषधांची सात दुकाने लागतात. निवृत्त मनुष्याला मोजण्याचा नाद लागतो, आणि पैशांखेरीज मोजण्याजोग्या वस्तू जगात पुष्कळ असतात. म्हणून हा आकडा मजजवळ तयार आहे. ह्या सातांपैकी पाच दुकानांत दर्शनी भागी एक काचेचे, आतून उजळलेले थंड कपाट उभे असते, आणि त्यात तांबडी, पिवळी, हिरवी, काळी अशी नाना रंगांची पेये भरलेली असतात. आत, दुकानदाराच्या पाठीशी, आणखी एक लहान शीतकपाट असते. त्यात इन्शुलिन ठेवतात. मधुमेह झालेल्या गृहस्थाने आतल्या कपाटातून औषध घ्यावे आणि बाहेरच्या कपाटातून त्या औषधाची गरज घ्यावी, अशी ही सोय आहे. माझ्या एका मित्राला ह्या शेजाराचा फार संताप येतो. औषधाच्या दुकानात असली पाणी विकणे म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात भेळेची गाडी लावण्यासारखे आहे, असे तो म्हणतो.

मला मात्र त्या दोन कपाटांकडे पाहून निराळेच वाटते. पुष्कळ वर्षे दुरावलेले भाऊबंद एखाद्या कार्याच्या निमित्ताने एका मांडवात समोरासमोर यावेत, तसे ते दृश्य आहे. कारण बाहेरच्या कपाटातील मंडळी ही मूळची आतल्याच घरची. आज ज्यांना आपण चैनीची पेये म्हणतो त्यांपैकी बहुतेकांनी माणसाच्या घरात पहिले पाऊल टाकले ते औषधाच्या दाराने. दिवाणखान्यात बसून पाहुण्यांशी गप्पा मारण्याइतकी त्यांची पत पुढे वाढली. प्रथम ती आली तेव्हा थेट आजाऱ्याच्या खोलीत गेली होती.

ही गोष्ट मला पुस्तकांतून पुष्कळ उशिरा कळली, परंतु तिचा अनुभव मात्र मी लहानपणीच घेतला होता. माझे बालपण कल्याणास, पारनाक्याजवळच्या एका वाड्यात गेले. १९६० च्या आगेमागे आमच्यासारख्या घरांत आजारी पडणे ही मुलाच्या दृष्टीने एक प्रकारची बढतीच असे. एरवी पाच भावंडांत वाटली जाणारी आईची दृष्टी त्या दोनतीन दिवसांपुरती एकट्याची होई. मोसंबे सोलून मिळे. आणि ताप उतरणीला लागला की अण्णा संध्याकाळी स्टेशनवरून येताना सोडावॉटरवाल्याकडून लेमन आणीत. हे लेमन धडधाकट मुलाला मिळण्याची सोय नव्हती. त्याची योजना औषधांच्या यादीत होती. डॉक्टरांच्या मिक्श्चरच्या बाटलीवर दाते कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे, एक दाता म्हणजे एक डोस. लेमनला तशी पट्टी नसे, एवढाच काय तो फरक.

दुकानदार आपली गोटीची बाटली काही केल्या घरी नेऊ देत नसे. म्हणून ती दुकानावरच फोडून लेमन पितळी तांब्यात ओतून आणावे लागे. स्टेशनपासून पारनाक्यापर्यंतच्या वाटेत त्यातील वायू आकाशात विलीन होई आणि घरी पोहोचे ते कोमट, गोड, किंचित लिंबाच्या वासाचे पाणी. तरीही ते घोटाघोटाने आणि मोठ्या गांभीर्याने प्यावयाचे असे. "वारा गेला तरी गुण राहतो," असे आजीचे औषधिशास्त्र होते. मला त्या गुणाविषयी कधीच शंका आली नाही. मला हळहळ वाटे ती गोटीची. ती बाटलीच्या गळ्यात अडकून दुकानातच राही.

ह्या बाटलीची हकीकत सांगण्याजोगी आहे. हायरम कॉड नावाच्या एका इंग्रजाने १८७२ च्या सुमारास तिचा हक्क नोंदवला. बाटलीच्या तोंडाशी आतून रबराचे कडे, आणि आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून वायुमिश्रित पाणी भरले की आतल्या वायूचा दाब त्या गोटीला वर लोटून कड्याशी घट्ट बसवतो. म्हणजे कैद्यानेच तुरुंगाचे दार आतून लावून धरावे, असा हा प्रकार. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलली की तो प्रसिद्ध फस्सकन् आवाज होतो. गळ्याला दोन चिमटे काढलेले असतात, ते पिताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून. इंग्लंडात ही बाटली केव्हाच इतिहासजमा झाली. आमच्याकडे ती टिकली, आणि मुंबईच्या दंगलींत तिने केलेल्या कामगिरीमुळे वर्तमानपत्रांतही बरीच गाजली.

आजीचे आणि सोड्याचे नाते मोठे गमतीचे होते. तिचे सोवळे कडक. बाहेरचे पाणी तिला चालत नसे. बाटली कोणाच्या हातची, धुतली कशात, भरली कोठे, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिचे समाधान करणारे नव्हते. परंतु एकादशीच्या दुसऱ्या दिवशी साबुदाणा आणि शेंगदाणे ह्यांनी आपला अधिकार गाजवण्यास प्रारंभ केला, की ती कोणाकडे न पाहता म्हणे, "जरा सोडा आणवा. औषधाला काय करायचं?" औषध हा शब्द उच्चारला की सोवळ्याची गाठ आपोआप सैल होई. मात्र तो सोडा ती काढा प्याल्यासारखे तोंड करून पीत असे. तिला तो आवडत होता, ह्याविषयी घरात दुमत नव्हते. पण तसे तिने मरेपर्यंत कबूल केले नाही. औषध आवडून चालत नाही, हा त्या पिढीचा दंडक होता. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग कसा आला, हे सर्वांस ठाऊक आहे. तो चहा एखाद्या डॉक्टरने चमच्याने पाजला असता तर कदाचित एवढे काही झाले नसते, असे मला आजीची आठवण होऊन कधी कधी वाटते.

आता हे पाणी मुळात औषध झाले कसे? त्याची सुरुवात झऱ्यांपासून होते. जमिनीतून आपोआप निघणाऱ्या उष्ण, खारट किंवा बुडबुडे येणाऱ्या पाण्यात रोग हरण करण्याची शक्ती असते, ही समजूत साऱ्या जगात आहे. आमच्या ठाणे जिल्ह्यातच भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. गंधकाच्या वासाच्या त्या पाण्यात त्वचेचे विकार आणि सांधेदुखी घेऊन लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहेत. गंमत अशी की, ह्याच नदीच्या वरच्या अंगाला १८९२ साली पुरे झालेले धरण मुंबईला पिण्याचे पाणी देते. म्हणजे एकच नदी वर तहान भागवते आणि खाली खरूज. आम्ही त्या कुंडांभोवती देवळे बांधली. युरोपातील लोकांनी आपल्या झऱ्यांचे पाणी बाटल्यांत भरून विकावयास काढले. ते दूरवर नेणे खर्चाचे, म्हणून तसेच पाणी घरी करता येईल काय, हा प्रश्न तेथील रसायनशास्त्रज्ञांना पडला.

त्याचे उत्तर जोसेफ प्रीस्टली यास १७६७ साली लीड्स येथे सापडले, आणि तेही दारूच्या भट्टीत. त्याच्या घराशेजारी बिअर करण्याचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर जो जड वायू साचे त्यात त्याने पाणी धरले, तेव्हा ते झऱ्याच्या पाण्यासारखे चुरचुरीत झाले. १७७२ साली त्याने ही कृती प्रसिद्ध केली, आणि ह्या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही नावाचा रोग बरा होईल अशी आशा बाळगली. त्याच वर्षी निघालेल्या कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीबरोबर ते यंत्र पाठवण्यातही आले. स्कर्व्हीवर त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता. तो रोग जातो लिंबाने. सोडा आणि लिंबू एका पेल्यात येऊन पुढे जगभर फिरले. त्यांतल्या लिंबाने खरे काम केलेले होते, आणि नाव झाले ते आवाज करणाऱ्या सोड्याचे. संसारातही असे पुष्कळदा होते. पण ते असो.

पुढे जिनिव्हाच्या श्वेप नावाच्या जवाहिऱ्याने १७८३ साली ह्या पाण्याचा धंदा मांडला आणि १७९२ साली तो लंडनला नेला. ते पाणी मुतखडा, अपचन अशा विकारांसाठी डॉक्टर लिहून देत. त्यात सोड्याचा क्षार घालीत, म्हणून ते सोडावॉटर. आज पुष्कळ बाटल्यांत तो क्षार नसतो, नाव मात्र राहिले आहे. हिंदुस्थानात साहेबाबरोबर ते आले, आणि आगगाडीबरोबर पसरले, असे म्हणावयास हरकत नाही. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणास पोहोचले. त्याच १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो याने पटकी पाण्यातून पसरते हे एका पंपाचा माग काढून दाखवले. परक्या गावच्या पाण्याची भीती आणि परक्या गावी जाण्याची सोय अशा दोन्ही एकदम आल्यावर बंद बाटलीतल्या पाण्याला प्रतिष्ठा मिळाली नसती तरच नवल. त्या पाण्यातील आम्लाने काही जंतू मरतात हे खरे. पण बाटली बंद आहे म्हणून आतले पाणी स्वच्छ आहे असे मात्र होत नाही. घाण पाण्यात वायू भरला तर वायुमिश्रित घाण पाणी तयार होते.

आमच्याकडे हा धंदा मुख्यत्वे पारशांनी हाती घेतला. मुंबईस पालनजी १८६५ साली, पुण्याच्या कँपात अर्देशिर १८८४ साली, आणि मुंबईसच ड्यूक १८८९ साली. ह्यांतील शेवटच्या कंपनीचे संस्थापक दिनशाजी पांडोळे हे क्रिकेट खेळणारे गृहस्थ. त्यांनी आपल्या सोड्याला नाव दिले ते क्रिकेटचे चेंडू करणाऱ्या इंग्रजी पेढीचे. येथे औषध मागे पडून मैदान पुढे आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पारशांच्या लग्नात रासबेरी हवेच, आणि ते कोणी अजीर्ण झाले म्हणून पीत नाही.

औषधाच्या दाराने आत येऊन साऱ्या घराची मालकी कशी घ्यावी, ह्याचा वस्तुपाठ मात्र अमेरिकेने घालून दिला. तेथे सोड्याची यंत्रे औषधविक्रेत्यांच्याच दुकानात असत. कडू औषध गोड पाकात आणि सोड्यात मिसळून दिले की रोगी कुरकुरत नसे. जॉन पेंबर्टन हा अटलांटाचा असाच औषधविक्रेता. यादवी युद्धात जखमी झाल्यापासून त्याला मॉर्फीनचे व्यसन जडले होते. त्याने आधी कोकाची पाने घातलेली औषधी द्राक्षमदिरा काढली. गावात दारूबंदी आली तेव्हा १८८६ साली तीतून मद्य वगळले आणि पाक, कोका व कोला ह्यांचे नवे मिश्रण केले. डोकेदुखीवर आणि मज्जातंतूंच्या थकव्यावर उतारा म्हणून ते जेकब्स यांच्या औषधांच्या दुकानात पाच सेंटला पेला ह्या दराने विकले जाऊ लागले. ज्याने जगाला थकव्यावरचे हे औषध दिले तो स्वतः दोनच वर्षांनी, व्यसनातून न सुटता, वारला. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी न्यू बर्न गावच्या केलेब ब्रॅडहॅम नावाच्या दुसऱ्या औषधविक्रेत्याने आपले पेय काढले आणि १८९८ साली त्याला पेप्सी-कोला हे नाव दिले. अपचनाला इंग्रजीत डिस्पेप्सिया म्हणतात, त्याची ही शेपटी.

ह्या सर्व कथांत मला अधिक चटका लावते ती सेव्हन अपची. हे पेय १९२९ साली निघाले तेव्हा त्यात लिथियमचा क्षार असे, आणि चित्त प्रसन्न करणारे म्हणून त्याची ख्याती होती. १९४८ साली तो क्षार त्यातून काढून टाकण्यात आला. लगेच पुढच्या वर्षी, १९४९ साली, ऑस्ट्रेलियातील जॉन केड ह्या डॉक्टराने लिथियम उन्मादाच्या रोग्यांना उपयोगी पडते असे प्रसिद्ध केले, आणि आजही ते त्या रोगावरचे प्रमुख औषध आहे. म्हणजे औषध जेव्हा पेयात होते तेव्हा ते नेमके कशावरचे हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले तेव्हा ते पेयातून गेलेले होते. अर्थात खरे औषध म्हणून ते देताना रक्त वरचेवर तपासावे लागते. बाटलीवर तसे कोणी लिहीत नव्हते.

क्विनाइनचेही असेच. हिवतापावरचे ते कडू जहर गोऱ्या लोकांनी सोड्यात घातले आणि टॉनिक वॉटर जन्मास आले. हल्लीच्या टॉनिकमध्ये अमेरिकेच्या नियमाप्रमाणे लिटरमागे ८३ मिलिग्रॅमहून अधिक क्विनाइन नसते. हिवतापाच्या रोग्याला एका वेळी सुमारे ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, काही दिवस द्यावे लागे. एका मात्रेसाठी सात लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल, तेव्हा ताप राहील की मनुष्य, हा प्रश्न बाजूस ठेवू.

परंतु पाश्चात्यांना हसून आपण सुटू असे नाही. आमच्या घरात फडताळावर एक द्राक्षासवाची बाटली असे. आसवे आणि अरिष्टे ही धायटीची फुले घालून आंबवलेली औषधे; आंबण्यातून त्यांत जो मद्यांश येतो तो त्यांच्या प्रकृतीचाच भाग आहे. वैद्यांच्या दृष्टीने ती खरी औषधे होत, ह्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. मला म्हणावयाचे आहे ते आमच्या दृष्टीविषयी. ज्या घरात दारू हा शब्द उच्चारणे पाप होते त्या घरात आजोबा रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घेत आणि त्यानंतर फार प्रेमळ होत. सरकारही ह्या बाबतीत आजीच्याच मताचे आहे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. त्यातील औषधी द्रव्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द ठरवली. आणि त्याच कायद्याखाली महाराष्ट्रात मद्यपानाचा जो परवाना मिळतो तो प्रकृती राखण्यासाठी म्हणून मिळतो. सायंकाळी डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावरून प्रकृती राखून परतणारे पुष्कळ लोक मी पाहतो.

उलट दिशेचा प्रवास करणारीही एखादी वस्तू असते. न्यूकॅसलच्या ईनो नावाच्या औषधविक्रेत्याची फळक्षाराची पूड पोटासाठी म्हणून निघाली, आणि आज ती आमच्या स्वयंपाकघरात ढोकळा फुगवण्याचे काम करते. पोट फुगले तर उतरवावयाची, आणि पीठ फुगत नसेल तर फुगवावयाची. आजाऱ्यासाठी ग्लुकोजचे गोड पेय १९२७ साली करणारा ओवेन हाही न्यूकॅसलचाच. त्या गावच्या हवेत काय होते कोण जाणे!

१९७७ साली कोका-कोला कंपनी हा देश सोडून गेली तेव्हा सरकारने स्वतःच एक कोला काढला आणि त्याचे नाव ७७ ठेवले. त्या वेळी मी ठाण्यास नोकरीला होतो. त्या पेयाच्या गुणावगुणांवर तलावपाळीवर आम्ही मित्रांनी पुष्कळ वाद घातले, आणि त्यात औषध हा शब्द एकदाही आला नाही. पेय पुरतेच चैनीचे झाले होते. मला वाटते, ती त्याची प्रामाणिक अवस्था. तहान, गोडी, थोडा आवाज आणि मित्रांची संगत, ह्यासाठी चार पैसे मोजले तर त्यात कोणाची फसवणूक नाही.

फसवणूक हा शब्द मी सहज वापरला नाही. आजाऱ्याला काही गोड, गार, नित्याहून निराळे द्यावे ही इच्छा मूळची मायेची आहे, आणि तिला हसण्याइतका मी कठोर नाही. माझ्या तापात लेमनने काही गुण दिला नसेल. पण अण्णा थकूनभागून गाडीतून उतरल्यावर हातात तांब्या धरून चालत येत, त्याचा गुण आला नसेल असे मी म्हणणार नाही. तथापि औषध हा शब्द मोठा वजनदार आहे. तो ज्याच्यावर ठेवावा त्याच्यावर आईबाप डोळे मिटून विश्वास टाकतात.

आमच्या घरात लेमन तापाला चाले, अरुचीला चाले. जुलाबाला मात्र ते कधी येत नसे. तसा प्रसंग आला की आजी पेज करी, तीत मीठ घाली, आणि लिंबू, मीठ, साखर ह्यांचे पाणी चमच्याचमच्याने पाजीत रात्रभर बसे. लेमन मागितले तर उत्तर न देता उठून जाई. त्याचे कारण मला अण्णांनी सांगितले तेव्हा आजी जाऊन कित्येक वर्षे झाली होती. अण्णांना एक धाकटा भाऊ होता. तो सहा वर्षांचा असताना, १९३६ च्या पावसाळ्यात, त्याला अतिसार झाला. मुलाच्या तोंडाला कोरड पडे आणि तो लेमन मागे. ते औषधच होते, स्टेशनवर मिळत होते, आणि दुसरे काही त्याच्या पोटात ठरत नव्हते. दोन दिवस त्याला तेच दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. अण्णा एवढेच म्हणाले, "तांब्या अर्धा शिल्लक होता. आईने तो तुळशीत ओतला नाही, रस्त्यावर ओतला." त्या मुलाचा रोग कदाचित कशानेही हटला नसता. त्या काळी घराघरांत अशी मुले जात. परंतु आजीने आपल्यापुरता निकाल दिला होता, आणि तो ज्या दिशेने होता ती दिशा बरोबर होती.

बरोबर कशी, ते विज्ञानाला पुढे तीसेक वर्षांनी उमगले. आतड्यांतून मीठ आणि ग्लुकोज ही जोडीने आत शोषली जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरे पडत नाही, थोडी साखर लागते. पण ती थोडीच. साखर फार झाली तर ती उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीप्रमाणे एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. नेहमीच्या कोलाच्या लिटरभर पाण्यात साखर असते सुमारे १०६ ग्रॅम, आणि मीठ नावापुरते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले होते, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठसाखरेचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांच्या हातीच दिले. मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीसांवरून चारांच्या आत आले. विसाव्या शतकात वैद्यकाने जी मोठी कामे केली त्यांत ह्या पाण्याची गणना होते. त्याला रंग नाही, वायू नाही, आणि चव अश्रूंसारखी आहे.

अशा ह्या गरीब पाण्याचे नाव चोरीला जाईल असे कोणास वाटले असते? २०२३ सालच्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या नातीला जुलाब झाले. सूनबाईंनी ओआरएस आणावयास सांगितले म्हणून मी एका दुकानात गेलो. दुकानदाराने थंड कपाटातून सफरचंदाच्या स्वादाचा एक रंगीत खोका काढून माझ्या हातावर ठेवला. ती तीन इंग्रजी अक्षरे त्याच्यावर ठळक झळकत होती. चष्मा लावून मी मागची बाजू वाचली. तेथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिले होते की, हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले मिश्रण नव्हे. साखरेचा आकडाही होता, आणि तो त्या मिश्रणाच्या कित्येक पट होता. मी खरी पुडी मागितली. "काका, ती पुडी मुलं पीत नाहीत हो, थुंकून टाकतात. हे आवडीनं पितात," दुकानदार म्हणाला. तो मला फसवीत नव्हता. आवडीने पिणे हाच गुण, असे त्याला खरोखर वाटत होते. शेवटी त्याने सर्वांत खालचा खण उघडून पुडी काढली, तिच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीला पुसली, आणि बरेच कमी पैसे घेतले.

असली लेबले लावण्यास त्या वेळी परवानगी होती. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली, बारीक अक्षरांतल्या त्या खुलाशाच्या अटीवर, ती दिली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ह्या प्रश्नावर अनेक वर्षे एकट्याच भांडत होत्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्राधिकरणाने ती परवानगी काढून घेतली आणि कोणत्याही पेयाच्या नावात ही तीन अक्षरे मागे, पुढे वा मध्ये वापरण्यास मनाई केली. बातमी वाचली त्या दिवशी मला डॉक्टरीणबाईंचा चेहरा वर्तमानपत्रात पाहताना आजीच आठवली. तीही उत्तर न देता उठून जाणाऱ्यांपैकी होती, ह्या मात्र उत्तर मिळेपर्यंत बसून राहिल्या.

नातीने त्या वेळी पुडीचे पाणी प्याले, पण त्यासाठी तिची आई आणि मी मिळून दीड तास खर्ची पडलो. चमचा दिसला की ती दात मिटून घेई. तिसऱ्या दिवशी ती उठून खेळू लागली. पुढे महिन्याभराने आम्ही ठाण्यास गेलो असता तलावपाळीवर एका गाडीवर गोटीचा सोडा ओळीने मांडलेला तिने पाहिला. हल्ली ही बाटली पुन्हा लोकप्रिय झाली आहे. जिरे, आले, जांभूळ असे नाना स्वाद तीत मिळतात. दुकानदाराने गोटी दाबली, आवाज झाला, आणि ती दचकून माझ्यामागे लपली. मग हळूच पुढे होऊन तिने एक घोट घेतला आणि नाकात वायू गेल्यामुळे डोळे मिटले.

"आबा, हे कशाचं औषध आहे?" तिने विचारले.

"कशाचंच नाही," मी म्हटले.

हे ऐकून तिने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि तळापर्यंत संपवली. नंतर ती उलटी करून, गोटी बाहेर काढून दे म्हणून, गाडीवाल्याशी पाच मिनिटे भांडली.